मागच्या डिस्कसाठी हॅंडब्रेकचा कॅलिपर कसा निवडायचा: स्वतः गाडी बांधणाऱ्यांसाठी

स्वतः बांधलेल्या गाडीत हॅंडब्रेक बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी आठवतो. इंजिन बसलेलं असतं, सस्पेन्शन जुळलेलं असतं, पुढे चार पिस्टनचे देखणे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे जबडे) लागलेले असतात आणि मागे त्यांचेच धाकटे भाऊ लावायचे म्हणून आणून ठेवलेले असतात. मग कुणीतरी विचारतं, "हॅंडब्रेकची केबल कुठे अडकवणार?" तोवर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), डिस्क, रिम सगळं ठरलेलं असतं आणि उरलेल्या जागेत जे मावेल ते बसवावं लागतं.

माझ्या पहिल्या गाडीत नेमकं हेच झालं. कॅलिपर उत्तम होता, पण हॅंडब्रेक काही धरेना. दोन महिने मी कॅलिपरलाच दोष देत होतो. खरी चूक केबलच्या वळणात आणि हाताच्या लिव्हरच्या मापात होती. म्हणून या लेखात कॅलिपर एकटा येणार नाही. हात, लिव्हर, केबल, कॅलिपर, पॅड, डिस्क, टायर ही एक साखळी आहे. कॅलिपर तिच्या मधली एक कडी आहे आणि तो निवडायचा तर साखळीच्या शेवटाकडून, म्हणजे रस्त्याकडून, सुरुवात करायची.

आधी गणित: गाडी धरायला किती जोर लागेल?

युरोप आणि इतर अनेक देशांत मानल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या नियमानुसार, पूर्ण भरलेली गाडी २० टक्के चढावर आणि उतारावर पार्किंग ब्रेकने उभी राहिली पाहिजे. हाताच्या लिव्हरवर ४०० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये, पायाने दाबायचा पार्किंग ब्रेक असेल तर ५०० न्यूटन. आणि एकदा ओढल्यावर तो निव्वळ यांत्रिक पद्धतीने अडकून राहिला पाहिजे. तुमच्या तपासणीत आकडे थोडे वेगळे असू शकतात, ते आधी विचारून घ्या. पण स्वतःच्या गाडीसाठी हे माप धरून चालणं शहाणपणाचं आहे.

समजा माणसं आणि सामान धरून गाडी ११०० किलो. २० टक्के चढ म्हणजे सुमारे ११.३ अंश. अशा चढावर गाडीला खाली ओढणारा जोर सुमारे २११५ न्यूटन येतो, म्हणजे मागच्या एकेका चाकावर साधारण १०५८. टायरची त्रिज्या ०.३० मीटर धरली तर चाकामागे ३१७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, धरून ठेवायचा आहे. पॅड डिस्कला जिथे चावतो त्या वर्तुळाची त्रिज्या २६० मिमी व्यासाच्या डिस्कवर साधारण ०.११ मीटर भरते. म्हणजे घर्षणाचा जोर हवा सुमारे २८८५ न्यूटन. डिस्कला दोन बाजूंनी पॅड लागतात आणि थंड पॅडचा घर्षणांक ०.३५ धरला, तर पकडीचा जोर येतो सुमारे ४१०० न्यूटन. एका चाकावर चारशे किलोपेक्षा जास्त वजन ठेवल्यासारखा हा दाब आहे, आणि तो तुमच्या एका हाताने, बारीकशा केबलमधून पोहोचवायचा आहे.

आता यातला घर्षणांक बदलून पाहा. शर्यतीचे काही पॅड गरम झाल्याशिवाय चावत नाहीत. थंड असताना ०.२५ मिळाला तर लागणारी पकड ५७७० न्यूटनवर जाते. पार्किंग ब्रेक बहुतेक वेळा थंड डिस्कवरच काम करतो. म्हणून हॅंडब्रेक ज्या पॅडवर चालतो तो थंड असतानाही चावणारा असलाच पाहिजे. ज्यांना मागे शर्यतीचेच पॅड हवेत, त्यांनी हॅंडब्रेकसाठी वेगळी यंत्रणा धरून चालावं.

डिस्क मोठी केली तर काम हलकं होतं. तीच गाडी ३०० मिमी डिस्कवर, ०.१३ मीटर त्रिज्येवर, साधारण ३५०० न्यूटनमध्ये थांबते. हा फरक हाताला चांगलाच जाणवतो.

मग प्रकार ठरवा

मागच्या डिस्कवर हॅंडब्रेक आणण्याचे मुख्य रस्ते मोजकेच आहेत.

सगळ्यात जास्त दिसतो तो एकत्रित कॅलिपर. सरकणारा, एका पिस्टनचा, आणि मागे केबलसाठी एक छोटा हात. पायाने ब्रेक दाबला की ब्रेक ऑइल पिस्टन ढकलतं. केबल ओढली की तो हात आतला दांडा फिरवतो, उतरत्या खाचांमधल्या गोळ्या किंवा एखादा कॅम तो फिरवा पुढच्या ढकलीत बदलतो आणि तोच पिस्टन पुढे येतो. आत आट्यांचा स्क्रू असतो, पॅड झिजतील तसा तो बहुतेक कॅलिपरमध्ये आपोआप पुढे सरकतो. फोर्ड सिएरा आणि माझदा एमएक्स-५ या दोन्ही गाड्यांचे मागचे कॅलिपर याच जातीचे. हौशी बांधणीत हे दोन्ही पुष्कळ वापरले गेले आहेत. हलकी किंवा मध्यम वजनाची गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: इथूनच सुरुवात करा, आणि दुसरीकडे जायला ठोस कारण असेल तरच जा.

दुसरा रस्ता म्हणजे वेगळा यांत्रिक कॅलिपर. पायाच्या ब्रेकला हवा तो दोन किंवा चार पिस्टनचा कॅलिपर लावायचा आणि त्याच डिस्कवर दुसऱ्या जागी केबलवर चालणारा छोटा कॅलिपर. जॅग्वारच्या ई-टाइप आणि सुरुवातीच्या एक्सजे गाड्यांमध्ये मागे अशीच जोडी होती. आज विलवुडसारख्या कंपन्या असे सुटे कॅलिपर बनवतात. देखण्या मागच्या कॅलिपरचा मोह सुटत नसेल तर हाच उपाय आहे. मात्र याचे पॅड लहान असतात, समायोजन बहुधा हातानेच करावं लागतं, एका अपराइटवर (हब धरणाऱ्या सस्पेन्शनच्या भागावर) दोन ब्रॅकेट बसवावे लागतात, आणि सैल राहिला तर खडबडीत रस्त्यावर तो खडखडतो.

तिसरा, डिस्कच्या टोपीत, म्हणजे तिच्या मधल्या फुगीर भागात, लपलेला छोटा ड्रम. पोर्शे ९११ आणि सुबारू इम्प्रेझा ही त्याची ओळखीची उदाहरणं. धरायला फार चांगला, कारण लायनर फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आणखी घट्ट बसतो. पण बॅकप्लेट (लायनर ज्यावर बसतात तो पत्रा), लायनर, हब आणि डिस्क हे सगळं एकाच गाडीचं असावं लागतं. अख्खा अपराइट त्या गाडीचा घेणार असाल तर आनंदाने घ्या. नाहीतर बॅकप्लेट बसवण्याच्या खटपटीत महिने जातात.

इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकचे कॅलिपर जुन्या गाड्यांतून आता सहज मिळतात आणि केबलची कटकटच नको म्हणून ते मोहात पाडतात. पण त्या मोटरला नुसतं बटण लावून चालत नाही. पकड पुरेशी झाली की वीज तोडणारा, आणि चालत्या गाडीत चुकून दाबलं तर सांभाळून घेणारा कंट्रोलर लागतो. तो नीट बसवता येत असेल तरच या वाटेला जा.

रॅलीत दिसतो तो उभा हायड्रॉलिक हॅंडब्रेक पार्किंगसाठी मोजू नका. ऑइलचा दाब रात्रभरात उतरू शकतो. वर सांगितलेली "निव्वळ यांत्रिक" ही अट तिथेच मोडते.

डिस्क आणि हब आधी, कॅलिपर नंतर

कॅलिपरच्या जबड्याची रुंदी एका ठरावीक जाडीच्या डिस्कसाठी असते. मागच्या साध्या डिस्क बहुधा १० मिमीच्या आसपास, हवेशीर डिस्क २० मिमीच्या आसपास. साध्या डिस्कचा कॅलिपर हवेशीर डिस्कवर चढणारच नाही. उलटं केलं, म्हणजे रुंद कॅलिपर पातळ डिस्कवर लावला, तर तो बसतो आणि सुरुवातीला चालतोही. पण पॅड झिजत आले की पिस्टन त्याच्या सीलच्या बाहेर यायच्या बेतात येतो. हे टाळा.

शक्यतो डिस्क, कॅलिपर, त्याचा वाहक (ज्यावर तो सरकतो तो भाग) आणि केबल एकाच गाडीची घ्या, आणि ती गाडी वजनाने तुमच्या गाडीच्या जवळपासची असू द्या. कारखान्यात कुणीतरी हे सगळं गणित आधीच केलेलं असतं. ते फुकट मिळतं आहे तर घ्यावं.

पिस्टनचं माप: हॅंडब्रेक निवडताना पायाचा ब्रेक बिघडवू नका

ही जागा सगळ्यात धोक्याची. हॅंडब्रेक आहे म्हणून कॅलिपर उचलला, पण पिस्टनचा व्यास पाहिलाच नाही, असं सर्रास होतं. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. ३४ मिमीच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ९०८ चौरस मिमी, ३८ मिमीच्या पिस्टनचं ११३४. नुसते चार मिलीमीटर दिसतात, पण मागच्या चाकांचा ब्रेक २५ टक्क्यांनी वाढतो. जोरात ब्रेक मारल्यावर वजन पुढे जातं, मागचे टायर हलके होतात, आणि तेव्हा मागची चाकं आधी अडकली तर गाडी गिरकी घेते. हलक्या, आखूड गाडीत हे डोळ्याचं पातं लवायच्या आत घडतं.

तुलना करताना एक सूत्र लक्षात ठेवा. सरकणाऱ्या कॅलिपरमध्ये एका पिस्टनचं क्षेत्रफळ धरायचं. समोरासमोर पिस्टन असलेल्या स्थिर कॅलिपरमध्ये फक्त एका बाजूच्या पिस्टनांची बेरीज. पुढचं आणि मागचं क्षेत्रफळ, दोन्हीकडच्या डिस्कची त्रिज्या आणि पॅडचा घर्षणांक यांचा गुणाकार मांडा आणि ज्या गाडीचे भाग घेतले तिच्याशी ताडून पाहा. तुमच्या गाडीचं इंजिन मागे असेल तर मागे थोडं जास्त चालतं, पुढे असेल तर हात आखडता घ्या. शंका असेल तर लहान पिस्टन निवडा. मागचा ब्रेक जास्त झाला तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावता येतो, पण व्हॉल्व्हवर विसंबून चुकीचा कॅलिपर घ्यायचं कारण नाही.

मोठा पिस्टन ऑइलही जास्त मागतो. मास्टर सिलिंडर (पेडलने ऑइल ढकलणारा) तोच ठेवला तर पेडल खाली जातं, हेही मनात असू द्या.

जागा: पुठ्ठ्याचं काम

कॅलिपर विकत घेण्याआधी त्याच्या मापाचा पुठ्ठा कापा. मी जाड पुठ्ठ्याच्या तीन-चार चकत्या एकमेकींवर चिकटवून कॅलिपरची जाडीसुद्धा बनवतो आणि मागे काडी खोचून हॅंडब्रेकचा हात दाखवतो. हा पुठ्ठ्याचा कॅलिपर डिस्कवर लावून रिम चढवा आणि चाक हाताने फिरवा. रिमपासून सगळीकडे निदान ३ मिमी फट हवी. काही रिमच्या आतल्या बाजूला वजनं चिकटवलेली असतात, ती मोजायला विसरू नका.

बाहेरची बाजू सगळे तपासतात, अडचण मात्र आतून येते. हॅंडब्रेकचा हात आणि केबल सस्पेन्शनच्या बाजूला असतात. स्प्रिंग काढून ठेवा, जॅकने चाक पूर्ण वर उचला, पूर्ण खाली सोडा आणि प्रत्येक टोकाला केबल ओढून पाहा. हात एखाद्या सस्पेन्शन आर्मला किंवा ड्राइव्ह शाफ्टला लागतोय का? चाक खाली लोंबताना केबल ताणली जातेय का? ताणली जात असेल तर खड्ड्यात चाक उतरताना हॅंडब्रेक आपोआप लागेल.

कॅलिपर ॲक्सलच्या पुढे बसवायचा की मागे, हे जागेवर ठरतं. पण हवा काढायचा निपल सगळ्यात वर आलाच पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे लावला की निपल खाली जातो आणि वरच्या कोपऱ्यात हवा अडकून राहते. पेडल स्पंजासारखं लागतं, कितीही ऑइल ओता. मी दोन दिवस असे घालवल्यावर कुणीतरी निपलकडे बोट दाखवलं. नाइलाजाने निपल तिरका राहत असेल तर कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडवा, दोन पॅडमध्ये डिस्कच्या जाडीचा ठोकळा धरा, निपल वर करून हवा काढा आणि परत बसवा.

लिव्हर आणि केबल

आता वरचं गणित हातापर्यंत आणू. कमाल मर्यादा ४०० न्यूटन असली तरी ३०० वर काम व्हावं असं धरा, कारण गाडी प्रत्येकालाच चालवता आली पाहिजे. लिव्हर सात पटीचा असेल तर २१०० न्यूटनची ओढ मिळते. इक्वलायझर ती दोन केबलमध्ये वाटतो, प्रत्येकी १०५०. केबलच्या वळणांत एक चतुर्थांश जोर गेला असं धरलं तर कॅलिपरच्या हातापाशी सुमारे ७९० उरतात. आपल्याला हवेत ४१००. म्हणजे कॅलिपरने जोर निदान ५.२ पट करायला हवा.

कॅलिपर किती पट करतो हे घरी मोजता येतं. तो व्हाइसमध्ये धरा, हॅंडब्रेकच्या हाताचं टोक २० मिमी ओढा आणि पिस्टन किती पुढे आला ते डायल गेजने पाहा. तो १.६ मिमी आला असेल तर पट १२.५. आतल्या घर्षणात यातलं काही जाईल, तरी आपल्या उदाहरणाला तो भरपूर पुरतो. मोजून झाल्यावर पिस्टन परत आत फिरवून घ्या, कारण आतल्या स्क्रूने तो थोडा पुढे राखलेला असू शकतो.

पट जास्त म्हणजे चांगलंच, असं मात्र नाही. जोर वाढला की सरक घटते. सात पटीचा लिव्हर मुठीपाशी २०० मिमी ओढला तर केबल साधारण २९ मिमी सरकते. त्याच मुठीला बारा पटीचा लिव्हर दिला तर जेमतेम १७ मिमी. त्यात केबलचा ताण, ब्रॅकेटची लवचीकता आणि पॅडची फट सगळं भागवायचं असतं. कॅलिपर आधीच मोठी पट देत असेल तर लिव्हर सौम्य ठेवा.

केबलच्या बाहेरच्या आवरणाला दोन्ही टोकांना पक्का टेका हवा. पातळ पत्र्यावर टेकवलं तर तुम्ही ओढता तेव्हा पत्रा वाकतो आणि कॅलिपरपर्यंत काहीच पोहोचत नाही. माझ्या पहिल्या गाडीचा दोष इथे सापडला. दुसऱ्या माणसाला लिव्हर ओढायला लावून मी खाली झोपलो, आणि टेक्याचा पत्रा चांगला पाच-सहा मिलीमीटर श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होताना दिसला. त्या पत्र्यामागे जाड पट्टी वेल्ड केली, केबलची दोन आवळ वळणं मोठी केली, आणि तोच कॅलिपर धरायला लागला. केबल कितीही महाग असो, वळणं मोठी ठेवा. पूर्ण ओढलेल्या अवस्थेत केबल आणि कॅलिपरचा हात यांच्यात जवळपास काटकोन यायला हवा.

जुना कॅलिपर हातात घेतल्यावर

हॅंडब्रेकचा हात ओढून सोडा. तो स्प्रिंगने स्वतःहून, आळस न करता, कॅलिपरवरच्या आपल्या टेक्यावर (थांब्यावर) परत आला पाहिजे. तो दांडा जिथे आत जातो तिथे ओल दिसली तर सील गेलेलं आहे. सरकत्या पिना बोटाने हलतात का, रबरी टोप्या फाटल्यात का, पिस्टनवर गंजाचे खड्डे आहेत का, ते पाहा. आणि पिस्टन दाबून आत घालू नका. या जातीचे बहुतेक पिस्टन योग्य हत्याराने फिरवत आत न्यायचे असतात, शिकंजा लावून रेटले तर आतली यंत्रणा मोडते. एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांत मागचा एक बोल्ट काढून आतला स्क्रू ॲलन कीने फिरवायचा असतो. प्रत्येक कॅलिपरची रीत वेगळी, ती आधी माहीत करून घ्या. पिस्टनच्या तोंडावर खाचा असतील तर पॅडच्या पाठीवरची खुंटी त्या खाचेत बसली पाहिजे, नाहीतर पिस्टन जागेवर फिरतो आणि आपोआप होणारं समायोजन बंद पडतं.

ब्रॅकेट स्वतः बनवणार असाल तर कंजूषपणा करू नका. मी १० मिमीपेक्षा पातळ पोलादी पाटा वापरत नाही, बोल्ट मूळ कॅलिपरच्याच मापाचे आणि प्रतीचे घेतो, आणि बिडाच्या अपराइटवर वेल्डिंग करत नाही.

जुळणीचा क्रम

इथे क्रम चुकला तर चांगला कॅलिपरही बदनाम होतो. केबल सुटी ठेवूनच हवा काढा. मग पेडल वीस-तीस वेळा दाबा, म्हणजे आतला स्क्रू पॅडना डिस्कजवळ आणेल. आता केबल जोडा, पण दोन्ही कॅलिपरचे हात टेक्यावर टेकलेलेच राहिले पाहिजेत. केबलचा नट फक्त ढिलाई जाईपर्यंत फिरवा. हात आणि टेका यांच्यामध्ये बोटाचं नख ठेवा. हात उचलला गेल्याचं जाणवलं की नट थोडा मागे घ्या.

लिव्हर वर येतो म्हणून पुष्कळजण केबलच आवळत राहतात. मग हात टेक्यावर परत जात नाही, आतलं समायोजन थांबतं, पॅड झिजतात तशी फट वाढते, पेडल लांबतं, आणि पुन्हा केबल आवळली जाते. कॅलिपर "गेला" म्हणून बदलतात तो बऱ्याचदा याच चक्रात अडकलेला असतो.

शेवटी चढ

मोकळा चढ शोधा, चाकाच्या मागे हातभर अंतरावर लाकडी पाचर ठेवा, गिअर न्यूट्रल करा आणि लिव्हर ओढून पाय उचला. टायरवर आणि रस्त्यावर खडूची एक सरळ रेघ मारून पाच मिनिटं थांबा. मग गाडी उलट तोंडाने लावून तेच करा. तोंड उताराकडे असताना वजन पुढे सरकतं आणि मागचे टायर हलके होतात. ओल्या रस्त्यावर कॅलिपर धरूनही टायर घसरू शकतो. तो दोष कॅलिपरचा नसतो.

आणखी एक चाचणी करा, ती बहुतेकजण करत नाहीत. लांब उतार ब्रेकवर उतरून डिस्क चांगल्या गरम करा आणि मग गाडी चढावर लावा. गरम डिस्क आणि पॅड थंड होताना किंचित आकसतात, ते मिलीमीटरच्या अगदी लहान अंशात, पण पकड तेवढ्यानेही सैल होते. माझी एक गाडी अशीच वीस मिनिटांनी मागच्या दगडाला जाऊन टेकली. लावताना लिव्हर अगदी घट्ट होता. टोपीतल्या ड्रममध्ये याच्या उलट होतं, ड्रम आकसून लायनरवर आणखी आवळतो. म्हणून एकत्रित कॅलिपरवर थोडी लवचीक केबल फायद्याचीच असते, आकसलेली जागा ती स्वतःच्या ताणाने भरून काढते. गरम गाडी लावली की गिअर टाका आणि काही मिनिटांनी लिव्हर आणखी एक टक ओढा.

नवी केबल पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये बसते. तेव्हा पुन्हा एकदा गाडीखाली जा, आधी दोन्ही हात टेक्यावर आहेत का ते पाहा, आणि मगच नटाला पाना लावा.